भेग कोठे आहे?

नवी वस्तू विकत घेताना माणसाला फारसा विचार करावा लागत नाही. वस्तूची गरज आहे काय आणि पदरी पैसे आहेत काय, एवढे दोनच प्रश्न असतात. उरलेला विचार कारखानदाराने आधीच केलेला असतो आणि त्याची हमी छापील कागदाच्या रूपाने आपल्या हाती पडते. वापरलेल्या वस्तूला अशी हमी नसते. तिथे पारख करण्याचा भार सर्वस्वी घेणाऱ्यावर येतो. आणि वस्तू वापरलेली असून शिवाय मोडलेलीही असेल, तर ती घ्यावी असे मनात येणे हेच शहाण्या माणसांना वेडेपणाचे वाटते. तरीही मोडलेली वस्तू जाणूनबुजून विकत घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न २०२४ च्या उपवासकाळात आम्हा तिघा भावंडांपुढे उभा राहिला. वस्तू होती मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक. प्रश्न लहान होता. परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्हांला पुष्कळ शिकावे लागले, म्हणून तो येथे मांडीत आहोत.

ज्यांचा यंत्रांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा पाया. बिडाच्या एकाच ओतीव ठोकळ्यात पिस्टन वरखाली धावण्यासाठी नळकांडी कोरलेली असतात. त्यांच्या सभोवती पाणी खेळावे म्हणून पोकळी ठेवलेली असते आणि खालच्या अंगाला क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या आडव्या भिंती असतात. कार्बुरेटर बदलता येतो, डायनॅमो बदलता येतो, माथ्यावरचे हेडही बदलता येते. परंतु ब्लॉक बदलला की इंजिनच बदलले असे समजतात. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरच ठोकलेला असतो आणि तोच नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, यावरून त्याची थोरवी ध्यानात यावी.

आमची मोटार म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन. ६८ मिलिमीटर व्यासाची नळकांडी आणि ७५ मिलिमीटरची धाव. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती जन्मली आणि वसईच्या आमच्या गावात म्हातारी झाली. त्या काळी गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्यामुळे ती केवळ आमची राहिली नाही. तिच्यातून नवऱ्या मुली चर्चला गेल्या, अडलेल्या बाळंतिणी बंगलीच्या इस्पितळात पोहोचल्या, आणि अपरात्री कोणाचा शेवट जवळ आला म्हणजे तैलाभ्यंग देण्यासाठी धर्मगुरूंना आणावयास तीच धावली. बाबा कोणाकडून पेट्रोलचे पैसे घेत नसत. कोणी दारात केळ्यांचा फणा ठेवून गेला तर मात्र नाकारीत नसत.

२०१७ मध्ये बाबा देवाघरी गेले. वाडीची वाटणी झाली, घराचीही झाली. वाटणीत अन्याय कोणावरच झाला नाही. तरीपण सातबाऱ्यावर तीन नावे वेगवेगळी लागली की तीन माणसेही थोडी वेगळी होतात. आमच्या बोलण्यात एक प्रकारचा औपचारिकपणा आला. मोटारीचे तीन तुकडे होऊ शकत नव्हते, म्हणून ती तेवढी सामाईक राहिली. दर रविवारी आमच्यापैकी कोणीतरी आईला तिच्यातून मिस्साला नेत असे. आईचे गुडघे आता वाकत नाहीत. अलीकडच्या बुटक्या मोटारींत तिला जवळजवळ खाली बसावे लागते. पद्मिनीच्या उंच, सरळ बाकावर ती विनासायास बसते.

२०२४ च्या जानेवारीत एका लग्नाहून परत येताना इंजिनातून मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि रस्त्यावर तेलाचे थारोळे साचले. चौथ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला होता. मिस्त्रींनी इंजिन उतरविले तेव्हा भिंतीला पडलेल्या खिंडारातून हात आत जात होता. खालची एक आडवी भिंतही तडकली होती. "क्रँक घासून वापरता येईल, पण ह्या ब्लॉकात आता जीव नाही," असे त्यांनी सांगितले. दुसरा ब्लॉक मिळाला तर पाहू, नाही तर मोटार मोडीत काढू, असे ठरून आम्ही तिघे आपापल्या घरी गेलो.

दुसरा ब्लॉक मिळणे तसे सोपे नव्हते. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली आहेत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी तिचे नाव पुढे अनेक वर्षे जागते ठेवले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या, तसे त्यांचे सुटे भाग साठवून ठेवणारे लोकही आपले कप्पे रिकामे करू लागले. थोरला भाऊ कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फिरून आला. तिथे एक ब्लॉक पंधरा हजारांना होता. दिसायला स्वच्छ, परंतु त्याचा क्रमांक कानशीने घासलेला होता आणि विक्रेता पावती द्यावयास तयार नव्हता. तो ब्लॉक कोणाच्या मोटारीतला, तिचे काय झाले, हे कळण्यास मार्ग नव्हता. चोरीच्या लोखंडावर आईला बसवून मिस्साला न्यावयाचे नाही, यावर आम्हा तिघांचे पटकन एकमत झाले. मात्र त्या फेरीत एक गोष्ट समजली: भेग नसलेल्या ब्लॉकला बाजारात पंधरा हजारांपर्यंत भाव आहे.

मिस्त्रींच्याच ओळखीने मग एका निवृत्त टॅक्सीवाल्या काकांचा पत्ता लागला. मूळचे रत्नागिरीकडचे, साऱ्या हयातीत दोन टॅक्सी त्यांनी चालविल्या आणि दोन्ही मोडीत गेल्या. पहिल्या टॅक्सीचा ब्लॉक दुसरीच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांनी खोलीबाहेरच्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी गोणपाट सोडले, एका बाजूला लावलेली लांबी खिळ्याने खरवडून काढली आणि बोट ठेवून भेग दाखविली. वीतभर लांबीची, वेडीवाकडी भेग. "बघा, मी लपवीत नाही. पाण्याचा पाइप फुटला होता, इंजिन तापले होते, आणि घाईत त्यात थंड पाणी ओतले गेले. तडा तेव्हाचा. भंगारवाला वजनावर दोन हजार देतो म्हणाला. तुम्हांला घ्यायचा तर अडीच द्या."

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेत भरली. क्रँकशाफ्टच्या तिन्ही बेअरिंगांच्या टोप्या त्यांनी क्रमवार तारेने बांधून ब्लॉकलाच अडकविल्या होत्या. या टोप्या कारखान्यात ब्लॉकवर बसवूनच एका रेषेत कोरतात. त्यामुळे एका ब्लॉकच्या टोप्या दुसऱ्याला चालत नाहीत आणि त्या हरवल्या तर चांगला ब्लॉकही निकामी होतो. भंगारात टाकावयाच्या वस्तूच्या टोप्या कोणी अशा जपून ठेवीत नाही. हजार रुपये अनामत ठेवून, तपासणीत नापास झाल्यास ब्लॉक परत आणून देण्याच्या बोलीवर आम्ही तो वसईला आणला.

तो अंगणात ठेवला आणि आमच्यातले मतभेद उघड झाले. थोरल्याचे म्हणणे, तडकलेले बीड म्हणजे फुटलेले मडके. अडीच हजार म्हणजे अडीच हजार पाण्यात. धाकट्याचे म्हणणे, बाबांच्या गाडीसाठी किंमत कसली मोजता? बहिणीने एक वेगळाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "ज्या कामासाठी बाबांनी ही गाडी राबवली, ते काम आता उरले आहे का? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गावात घरोघर मोटारी आहेत. मग आपण गाडी वाचवीत आहोत की आपली आठवण?" या प्रश्नावर दोन्ही भाऊ गप्प झाले. आईला विचारले तर ती म्हणाली, "मी रिक्षाने पण जाईन मिस्साला. माझे नाव पुढे करू नका. तुम्ही तिघांनी ठरवा, आणि एकत्र बसून ठरवा."

एकत्र बसणे भाग पडले. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपली की आम्ही तिघे आईच्या पडवीत जमू लागलो. वाटणीनंतर आम्ही असे बसलोच नव्हतो. पहिल्या बैठकीत एवढेच ठरले की, तपासणी होईपर्यंत कोणी मत द्यावयाचे नाही. तिरस्कारालाही घाई असते आणि मायेलाही घाई असते. पाहण्याचे कष्ट दोघींनाही नको असतात.

तपासणीचे काम मिस्त्रींनी मन लावून केले आणि आम्ही ते शेजारी उभे राहून पाहिले. प्रथम ब्लॉक धुऊन त्याच्यावरचा तेल-मातीचा थर काढला. मग त्यांनी रॉकेल मागविले. संशयाच्या प्रत्येक जागी रॉकेल चोपडले, थोडा वेळ थांबून फडक्याने कोरडे पुसले आणि वरून खडूची भुकटी चोळली. रॉकेल पातळ, ते केसाएवढ्या चिरेतही शिरते आणि मागाहून पाझरून खडूवर ओली रेघ उमटविते. बाहेरच्या भिंतीवर अपेक्षेप्रमाणे ती वीतभर रेघ उमटली. मग आमचे सारे लक्ष खालच्या आडव्या भिंतींवर गेले. क्रँकशाफ्टचा सगळा मार त्या भिंती सोसतात. तिथे एक बारीक जरी रेघ उमटली असती तरी विषय संपला असता. मिस्त्रींनी तिथे दोनदा रॉकेल लावले, दोनदा खडू चोळला. खडू पांढराच राहिला.

"भेग आहे की नाही, हे कोणीही सांगेल," मिस्त्री म्हणाले. "भेग कोठे आहे, हे विचारायला पाहिजे." बाहेरच्या भिंतीच्या आत फक्त पाणी खेळते. तिच्यावर पिस्टनचा आघात नाही, स्फोटाचा दाब नाही. तिथली भेग डोळ्यांत भरते, पण ती दुरुस्त होते. खालची भेग दिसत नाही आणि एके दिवशी इंजिनाचे दोन तुकडे करते.

पुढची तपासणी वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाली. ब्लॉकच्या माथ्यावर पोलादी पट्टी आडवी-तिरपी ठेवून तिच्याखाली फिलर गेजची पाती सरकविली. माथा सपाट निघाला. नळकांड्यांचा व्यास वर, मध्ये आणि खाली, लांबीच्या व रुंदीच्या दोन्ही दिशांनी मोजला. नळकांडे सर्वांत जास्त झिजते ते वरच्या टोकाशी, जिथून पिस्टनची वरची रिंग परत फिरते. आणि झीज सर्व बाजूंनी सारखी नसल्यामुळे ते किंचित लंबगोल होते. तिसऱ्या नळकांड्यात उभे ओरखडेही होते. परंतु ब्लॉक पूर्वी एकदाच बोअर केलेला असल्यामुळे आणखी एकदा कोरून मोठ्या मापाचे पिस्टन घालण्याइतकी जाडी भिंतीत शिल्लक होती. हेडच्या एका स्टडचे आटे मात्र गेलेले होते. शेवटी पाण्याच्या पोकळीची सर्व तोंडे पट्ट्या लावून बंद केली, आत दाबाने हवा भरली आणि ब्लॉक कोमट पाण्याच्या हौदात बुडविला. बुडबुडे आले ते एकाच जागेवरून, त्या ठाऊक असलेल्या भेगेतून. अन्यत्र कोठूनही नाही.

भेग सांधण्याचा उपायही तिथेच समजला. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराच भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. त्या पापुद्र्यांमुळेच बीड कंप शोषून घेते आणि सहज कोरता येते. परंतु त्यांच्यामुळेच ते ताण सोसत नाही, वाकण्याऐवजी तडकते. त्याला साधे वेल्डिंग केले तर तापलेला भाग थंड होताना आकसतो, काचेसारखा ठिसूळ होतो आणि जुन्या भेगेच्या शेजारी नवी भेग पडते. म्हणून जाणते कारागीर बिडाला आग न लावता टाके घालतात. भेगेच्या वाटेवर एकमेकांत थोडी घुसणारी छिद्रे पाडावयाची, त्यांत आटे कापून खास स्क्रू बसवावयाचे, भेगेच्या आडवे कुलपासारखे पोलादी तुकडे ठोकावयाचे आणि वरून घासून सारखे करावयाचे. भेग पुढे धावू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांशीही असाच बंदोबस्त करतात. काम संथ, परंतु टिकाऊ.

आता हिशेब. बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. आम्ही तो अक्षरशः पाळला. टाके घालणे आणि स्टडचे आटे दुरुस्त करणे साडेसहा हजार. बोअरिंग चार हजार. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट एकोणीस हजार. इंजिन बांधून मोटारीत बसविण्याची मजुरी दहा हजार. ब्लॉकची किंमत वेगळी. म्हणजे चाळीस हजारांच्या वर, आणि मोटारीला बाजारात मिळाला असता तो भाव याच्या आसपासच. शिवाय पंधरा वर्षांवरील मोटारीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, आणि जुन्या इंजिनाचा धूर. केवळ रुपयांकडे पाहिले तर उत्तर "नको" असेच येत होते.

बहिणीचा प्रश्न अजून तसाच उभा होता. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५४८ साली छापल्या गेलेल्या आपल्या आध्यात्मिक साधनांच्या ग्रंथात निवड करण्याच्या काही रीती सांगितल्या आहेत. आपण कधी न पाहिलेला एखादा माणूस याच पेचात सापडून सल्ला मागावयास आला आहे, तर त्याला आपण काय सांगू, असे स्वतःला विचारावे. आणि आपण मृत्युशय्येवर आहोत अशी कल्पना करून, त्या वेळी कोणता निर्णय घेतलेला आपल्याला आवडला असता, हेही विचारावे. हा विचार बहिणीनेच काढला. आम्ही प्रत्येकाने आपले उत्तर कागदावर लिहिले आणि कागद एकदम उघडले. तिघांचीही उत्तरे जवळजवळ सारखी निघाली. त्या परक्या माणसाला आम्ही सांगितले असते की, बाबांच्या नावाने गाडी वाचवू नकोस. बाबांना तिची गरज नाही. परंतु म्हातारी आई अजून तिच्यात बसते आणि तुम्ही तिघे अजून तिच्या निमित्ताने एका पडवीत बसता. या दोन गोष्टींसाठी एवढा खर्च तुम्हांला कर्ज न काढता, कोणाचे देणे न थकविता झेपत असेल, तर करा. थोरल्याच्या कागदावर एक ओळ अधिक होती: "खर्च तिघांत समान असेल तरच."

म्हणजे ब्लॉक घ्यावयाचा, हे ठरले. परंतु केवढ्याला? काकांनी अडीच हजार मागितले होते. त्यांची समजूत अशी की, तडकलेला ब्लॉक म्हणजे लोखंडाचे वजन. तपासणीनंतर आम्हांला मात्र ठाऊक होते की, तो तसा नाही. धाकटा म्हणाला, "त्यांनी किंमत सांगितली, आपण मान्य केली, यात अन्याय कुठे?" व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबर होता. मनाला मात्र ते पटत नव्हते.

याच प्रश्नाचा विचार सातशे वर्षांपूर्वी एका संताने करून ठेवला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. विकावयाच्या वस्तूत हानी किंवा धोका पोहोचविणारा छुपा दोष असेल तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर तो बोलून दाखविला नाही तरी चालेल, मात्र किंमत त्या मानाने उतरविली पाहिजे, असे ते सांगतात. काकांनी तर लांबीखाली झाकलेली भेग आपण होऊन उघडी केली होती. आपल्या बाजूचे कर्तव्य त्यांनी पूर्ण केले होते. परंतु अक्वायनस तिथेच थांबत नाहीत. ते घेणाऱ्यालाही बांधून घेतात. विकणाऱ्याने सोने पितळ समजून विकले आणि घेणाऱ्याला ते सोने आहे हे ठाऊक असले, तर ती खरेदी अन्यायाची. घेणाऱ्याने भरपाई केली पाहिजे. आपल्याकडे फसवणूक म्हटली की डोळ्यांपुढे नेहमी दुकानदार येतो. गिऱ्हाइकाच्या मौनातही फसवणूक असू शकते, हे सहसा कोणी सांगत नाही.

योग्य किंमत काढणे मग कठीण गेले नाही. भेग नसलेला ब्लॉक पंधरा हजारांचा. याच ब्लॉकला म्हणून जी जादा दुरुस्ती करावी लागणार तिचे साडेसहा हजार त्यातून वजा. उरले साडेआठ हजार. बोअरिंग आणि पिस्टन कोणत्याही जुन्या ब्लॉकला लागलेच असते, म्हणून त्यांची वजावट काकांच्या माथी मारली नाही. एकूण खर्च अठ्ठेचाळीस हजार. प्रत्येकी सोळा हजार.

पैसे घेऊन आम्ही तिघेही काकांकडे गेलो. तपासणीत काय निघाले ते सांगितले आणि साडेआठ हजारांचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. त्यांनी हिशेब दोनदा वाचला. ते भारावून वगैरे गेले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, "खालच्या भिंतीला काही नाही ना? मला तीच भीती होती, म्हणून मी भाव केला नव्हता." मग पैसे मोजून घेतले, अनामतीचे हजार त्यातून बरोबर वळते केले आणि आतून एक जुनी पिशवी आणली. तीत टॅक्सी मोडीत काढल्याचा दाखला आणि तिच्या नोंदणीपुस्तकाची प्रत होती. त्यावरून इंजिनाचा क्रमांक आम्ही ब्लॉकशी ताडून पाहिला. काकांनी स्वतःच्या हाताने, क्रमांकासह, सहीची पावती लिहून दिली. पुढे परिवहन कार्यालयात इंजिन बदलल्याची नोंद करून घेताना त्या कागदांचाच आधार झाला.

टाके घालण्यास आठवडा लागला, बाकीच्या कामास तीन आठवडे. पुनरुत्थानाच्या सणाला मोटार तयार होऊ शकली नाही. आई त्या दिवशी खरोखरच रिक्षाने मिस्साला गेली आणि तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एप्रिलच्या मध्याला इंजिन चालू झाले. बॉनेट उघडले तर ब्लॉकच्या बाजूला टाक्यांची ओळ अजून स्पष्ट दिसते. मिस्त्रींनी तिच्यावर रंग मारावयाचे सुचविले होते. आम्ही नको म्हटले. पाणी झिरपू लागले तर ते लगेच दिसले पाहिजे. आजवर झिरपलेले नाही.

शुक्रवारची बैठक उपवासकाळ संपल्यावर बंद व्हावयाची होती, ती झाली नाही. आता महिन्यातून एकदा आम्ही आईच्या पडवीत बसतो; मोटारीचा विषय पाच मिनिटांत संपतो आणि इतर विषय निघतात. त्यांतले काही जुने आहेत, वाटणीच्या वेळचे. त्यांवर बोलताना आवाज कधी चढतो; मग बहीण मिस्त्रींचा तो प्रश्न विचारते आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून पाहू लागतो. काही भेगा बाहेरच्याच निघाल्या. एक-दोन जागी अजून खडू चोळणे चालू आहे.

मोटारीच्या वहीत पहिल्या पानावर सर्व हिशेब लिहिला आहे आणि त्याखाली तिघांच्या सह्यांनिशी एक ठराव आहे. टाके सुटले तर ते एकदा पुन्हा घालावयाचे. पण खालच्या आडव्या भिंतीला ज्या दिवशी तडा जाईल, त्या दिवशी दुसरा ब्लॉक शोधावयाचा नाही. तेव्हा मोटार रीतसर मोडीत द्यावयाची आणि जे पैसे येतील ते गावातल्या एखाद्या गरीब रुग्णाच्या औषधपाण्यासाठी धर्मगुरूंच्या हाती सोपवावयाचे. ठराव आईला वाचून दाखविला, तेव्हा तिने त्याखाली आपलाही अंगठा उमटविला.